‘जी’ची किंमत

१९९४ साली साताऱ्याचा एक मुलगा बी.एस्सी. करायला पुण्यात आला. विषय घेतला फिजिक्स. पण नुसतं फिजिक्स म्हटलं की लोक ‘म्हणजे पुढे बी.एड. का?’ असं विचारतात, हे ध्यानात आल्यावर वडिलांनी परस्पर त्याला ‘अप्लाइड’ जोडून टाकलं. त्यानं फारसं साधलं नाही. “अप्लाय केलंय होय? मग निकाल कधी?” असं कऱ्हाडच्या काकांनी विचारलं. शब्दाचा अर्थ बरोबर धरला तो आजीनं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या नातवापुढे तिनं बंद पडलेला मिक्सर आणून ठेवला. नातवाला मोटरमधल्या चुंबकीय क्षेत्राचं समीकरण तोंडपाठ होतं. कार्बन ब्रश झिजलेत हे सांगायला मात्र कोपऱ्यावरचा रिवाइंडिंगवाला यावा लागला. त्यानं जाता जाता विचारलं, “काय शिकतोस रे?” मुलगा म्हणाला, “सायन्स.” तपशील सांगायची ती वेळ नव्हती.

कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेवर कागदोपत्री सत्ता विभागप्रमुखांची होती आणि प्रत्यक्षात मामांची. मामा म्हणजे लॅब अटेंडंट. कुठल्या स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू ढिला आहे, कुठला गॅल्व्हानोमीटर टिचकी मारल्याशिवाय हलत नाही, हे त्यांनाच ठाऊक. न्यूटन्स रिंग्जच्या टेबलावर सोडियमचा दिवा लावला की तो आधी लालसर गुलाबी दिसतो, कारण आतला निऑन पहिल्यांदा पेटतो. सोडियमची वाफ होऊन तो पिवळा व्हायला काही मिनिटं जातात. नवखी पोरं दिवा बिघडला म्हणून मामांना हाक मारायची. मामा लांबूनच म्हणायचे, “चहा पिऊन या.” इतकं नेमकं मार्गदर्शन त्या इमारतीत दुसरं कुणी करत नव्हतं.

न्यूटन्स रिंग्ज म्हणजे सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवायचं आणि मधल्या हवेच्या पातळ थरामुळे दिसणारी काळी-पिवळी वर्तुळं मायक्रोस्कोपखाली मोजायची. विसावं, एकोणिसावं, अठरावं करत मुलगा तेराव्यापर्यंत यायचा आणि शेजारचा कुणीतरी टेबलाला कोपर लावायचा. मग तेरावं की बारावं? या प्रश्नाचं उत्तर न्यूटनकडेही नव्हतं. सुदैवानं शेवटचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमच्या दोन रेषा असतात, त्यांची सरासरी ५८९३. तेवढं आलं की झालं.

आधी कळस, मग पाया, या पद्धतीला पोरं ‘रिव्हर्स’ म्हणत. उत्तरापासून सुरुवात करायची, लॉग टेबल उघडायचं आणि उलट गणित करत रीडिंगपर्यंत यायचं. रीडिंग अगदी तंतोतंत जुळवायची नाहीत, थोडी विस्कटायची, म्हणजे ती खरी दिसतात. यात जे कसब लागतं ते प्रामाणिक प्रयोगाला लागत नाही.

एसवायला आला बार पेंड्युलम. भोकं पाडलेली पितळी पट्टी एका धारेवर टांगायची, वीस झोके स्टॉपवॉचनं मोजायचे, पट्टी पुढच्या भोकात अडकवायची, पुन्हा वीस झोके. शेवटी ग्राफ काढून गुरुत्व त्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचं. मुलानं इमानेइतबारे सगळं केलं आणि उत्तर आलं ९.६९. सरांनी लाल पेनानं लिहिलं, ‘रिपीट’. पुढच्या आठवड्यात आलं ९.७८. सरांनी चष्मा वर करून पाहिलं, “इतकं कमी कसं?” आणि पुन्हा ‘रिपीट’. तिसऱ्या वेळी मुलगा कॉट बेसिसवरच्या खोलीतून जर्नल लिहूनच निघाला. पट्टीला हातही लावला नाही. उत्तर आलं ९.८१. सरांनी सही केली आणि म्हणाले, “बघ, मन लावून केलं की येतं.”

वर्गातल्या बाकीच्यांनीही मन लावूनच केलं होतं. सगळ्यांचं ९.८१. एकाचं तर ९.८१३७. आता हाताचा हिशेब बघा. एक झोका साधारण दीड सेकंदाचा, म्हणजे वीस झोक्यांना तीसेक सेकंद. स्टॉपवॉचचं बटण दाबताना माणसाची पाव सेकंदाची चूक सहज होते. सूत्रात वेळेचा वर्ग असल्यानं ती दुप्पट होऊन उत्तरात उतरते. म्हणजे ९.८ च्या आजूबाजूला दीड दशांश इकडे-तिकडे हलायलाच हवं. पन्नास पोरांचं उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत सारखं आलं, तेव्हाच खरं तर संशय यायला हवा होता.

पण गंमत पुढेच आहे. टीवायच्या वर्षी पावसानं लेक्चर बुडालं म्हणून मुलगा लायब्ररीत बसला आणि त्याच्या हाती अक्षांशाचं सूत्र लागलं. ‘जी’ सगळीकडे सारखं नसतं. १६७२ साली जाँ रीशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याला लंबक जेमतेम तीन मिलिमीटरनं आखूड करावा लागला. पृथ्वी कमरेला फुगीर आहे आणि फिरतेही, म्हणून विषुववृत्तावर ‘जी’ ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३. १९०१ साली प्रमाण म्हणून जो ९.८०६६५ हा आकडा ठरला, तो पंचेचाळीस अक्षांशाजवळचा. आणि ९.८१? तो थेट लंडनचा. हेन्री केटर या कॅप्टननं आपल्या उलट-सुलट टांगता येणाऱ्या लंबकानं तिथेच केलेली मोजमापं १८१८ मध्ये प्रसिद्ध केली होती.

पुणं साडेअठरा अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मुलानं सूत्रात आकडे घातले. उत्तर आलं ९.७८.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग मामांकडे गेला. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “सरांना सांगितलंस?” नव्हतं सांगितलं. “नको सांगू,” मामा म्हणाले, “प्रॅक्टिकल परीक्षा व्हायची आहे.”

त्याला धीर द्यायला एक नोबेलवाला होता. मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ च्या निबंधात अठ्ठावन्न थेंब आहेत आणि त्यात काही निवडानिवड केली नाही असं म्हटलंय. त्याच्या वह्यांमध्ये मात्र त्याहून कितीतरी जास्त थेंब सापडले. शिवाय हवेची श्यानता थोडी चुकीची धरल्यामुळे त्याचं उत्तर किंचित कमी आलं. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमननं १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान भाषणात याची पुढची मजा सांगितली: नंतरच्या संशोधकांचे आकडे एकदम खऱ्यावर गेले नाहीत, हळूहळू सरकत गेले. मोठ्या माणसाच्या आकड्यापासून फार लांब जायचा कुणाला धीर होईना. थोडक्यात, तिथेही ‘रिपीट’ची भीती होतीच.

प्रॅक्टिकलला मुलाच्या चिठ्ठीत बार पेंड्युलमच निघाला. एक्स्टर्नलनी विचारलं, “जीची किंमत किती?” मुलानं एकदा मामांकडे पाहिलं. मामा खिडकी पुसत होते.

“नाइन पॉइंट एट वन, सर.”

ते जर्नल साताऱ्याच्या घरी पोटमाळ्यावर आहे. पुण्याच्या आकड्यावर लाल ‘रिपीट’ आहे आणि लंडनच्या आकड्याखाली सही, दहापैकी नऊ.