छेत्रीचा सातबारा

पाच-शून्य हा आकडा चर्चेला फार गैरसोयीचा. एक-शून्यने हरलं तर रेफ्रीला धरता येतं, दोन-एकने हरलं तर गोलपोस्टला, पेनल्टींवर हरलं तर थेट देवालाच. पाच-शून्यने हरलं की धरायला कोणी उरत नाही. २९ मार्च २०२५ च्या रात्री बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या प्लेऑफमध्ये मुंबई सिटीचा निकाल नेमका याच आकड्याने लागला. आदल्याच मोसमात कोलकात्याला जाऊन, मोहन बागानला त्यांच्याच अंगणात ३-१ असं लोळवून कप घेऊन आलेली ही टीम. नवव्या मिनिटाला बंगळुरूच्या सुरेश वांगजामने पहिला गोल केला, मग मेंडेसने पेनल्टीवर दुसरा, मग रायन विल्यम्सने तिसरा.

आमच्या मंडळात (मंडळ म्हणजे सात माणसं, एक टीव्ही आणि घरमालकाची सहनशक्ती) तोवर दहाव्याला जमल्यासारखी शांतता होती. बचावफळीला शिव्या घालाव्यात तर आधी ती दिसायला हवी. ७६ व्या मिनिटाला चौथा गोल झाला आणि मंडळात एकदम जीव आला. कारण तो सुनील छेत्रीने मारला होता.

“हा आपला होता!” एक जण उसळला.

“होता काय? आपणच मोठा केला त्याला!” दुसरा.

छेत्रीचा जन्म १९८४ चा. मुंबई सिटीकडे तो आला २०१५ मध्ये, देशासाठी दहा वर्षं खेळून झाल्यावर. म्हणजे आपल्याकडे आला तेव्हा तो बऱ्यापैकी वाढलेला होता. पण मंडळात असल्या बारकाव्यांना किंमत नाही. टीव्हीचा आवाज बंद झाला आणि इतिहासाचं दप्तर उघडलं. मैदानात सामना अजून चालू होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

भारतात मोठ्या खेळाडूचा भूतकाळ सातबाऱ्यासारखा असतो. भोगवटादार म्हणून नाव एकाचंच, पण ‘इतर अधिकार’ या रकान्यात सगळं गाव. छेत्रीच्या उताऱ्यावर भोगवटादार बंगळुरू, २०१३ पासून. इतर अधिकारांत मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, गोव्याचे डेंपो आणि चर्चिल ब्रदर्स, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, पोर्तुगालचा स्पोर्टिंग. आणि मधल्या दोन मोसमांचा कब्जा मुंबई सिटीचा. संघ जिंकत असेल तर हा उतारा कोणी काढत नाही. हरला, की तलाठ्याच्या दारात रांग लागते.

आमची नोंद तशी भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. २०१५ च्या लिलावात मुंबईने त्याला १ कोटी २० लाखांना घेतलं; त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. त्याच मोसमात नॉर्थईस्टविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. लीगमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय. २०१६ मध्ये मुंबई साखळीत पहिली आली, टीममध्ये फोर्लानसारखा उरुग्वेचा मोहरा होता, छेत्रीही होता. सेमीफायनलला कोलकात्यासमोर फोर्लानला लाल कार्ड मिळालं आणि मुंबई बाहेर.

“म्हणजे तो आपल्यात होता तेव्हाही हरलो,” मंडळातले वकील म्हणाले, “आणि समोर असतानाही हरतोय. समान घटक काय?”

या युक्तिवादातली चूक कोणाच्या लक्षात आली नाही. समान घटक मुंबई होती.

वकिलांचा पुढचा मुद्दा निवृत्तीचा. जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध कोलकात्यात छेत्री शेवटचा सामना खेळला, सगळा देश रडला, आपणही रडलो. मग मार्च २०२५ मध्ये तो परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल करून मोकळा झाला. त्यानंतर दहा दिवसांत आपल्याला गोल. निवृत्त माणसाने असं वागणं शोभतं का?

“अहो, ती देशाच्या संघातून निवृत्ती होती. क्लबकडून तो खेळतच होता.”

“मग तसं ठळक छापायला नको? आपण रडलो ते कोणत्या खात्यावर टाकायचं?”

राजीनामा देणं आणि तो कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर मागे घेणं ही ज्या राज्याची परंपरा आहे, त्या राज्यातल्या माणसांना चाळिशीच्या एका सेंटर फॉरवर्डचं परत येणं इतकं का खुपावं, हा प्रश्न मी मनातच ठेवला. तेवढ्यात पाचवा गोल झाला. तो कोणीच पाहिला नाही. मारला होता होर्हे पेरेरा दियासने. हाही आपला! २०२४ च्या ज्या फायनलचा उल्लेख वर केला, तिच्यात बरोबरीचा गोल मुंबईच्या जर्सीत यानेच केला होता. त्याआधी तो केरळचा होता. पण दियासवर चर्चा रंगली नाही. अर्जेंटिनाच्या माणसाकडून निष्ठेची अपेक्षा आपण ठेवत नाही. ती देशी खेळाडूंसाठी राखीव आहे.

इतर अधिकारांतले बाकीचे दावेदारही काही कमी नाहीत. मुंबईच्या पराभवानंतर आठच दिवसांनी, ६ एप्रिलला फातोर्ड्याला सेमीफायनलचा दुसरा सामना झाला. पहिल्या सामन्यात एफसी गोवा दोन गोलांनी हरलं होतं, त्यातला एक त्यांच्याच संदेश झिंगनच्या नावावर, स्वतःच्या जाळ्यात. फातोर्ड्याला बोर्हा एरेराने एक फेडला, ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा. बरोबरी! आता जादा वेळ. गोव्यात त्या चार मिनिटांत जो आनंद झाला असेल त्याला कार्निव्हल थिटा. आणि भरपाईच्या वेळेत छेत्रीने डोक्याने चेंडू आत ढकलला. एकूण ३-२, गोवा बाहेर. लगेच गोयंकारांनी आपला उतारा काढला: हा डेंपोकडे होता, चर्चिलसाठी याने आय-लीग जिंकली, आमच्या मातीवर धावून धावून याचे पाय तयार झाले. मडगाव आणि अंधेरी एरवी मासळीच्या भावावरही सहमत होत नाहीत. या मुद्द्यावर झाले.

कोलकात्याचं प्रकरण त्याहून नाजूक. छेत्रीची मोठ्या फुटबॉलमधली सुरुवात २००२ मध्ये मोहन बागानमध्ये झाली, आणि त्याचे सासरे सुब्रत भट्टाचार्य म्हणजे बागानचे मोठं नाव असलेले खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक. म्हणजे तो घरचा जावई. बंगळुरू २०२३ च्या फायनलला बागानसमोर पेनल्टींवर हरलं, २०२५ ला जादा वेळेत. आपल्याकडे जावयाला सासरहून मिळतं. हा जावई दोनदा कप सासरी ठेवून आला. तिथे मात्र त्याच्या भूतकाळाबद्दल कोणाची काही तक्रार नाही.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे केरळ. ३ मार्च २०२३, कंठीरवाच. बंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, नॉकआउट, नव्वद मिनिटांत शून्य-शून्य. ९६ व्या मिनिटाला फ्री किक. केरळचे खेळाडू भिंत रचतायत, गोलकीपर गिल त्यांना डावं-उजवं सांगतोय, आणि छेत्रीने शांतपणे चेंडू रिकाम्या जागेतून जाळ्यात टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आख्खी टीम मैदानाबाहेर बोलावली. वीसेक मिनिटं वाट पाहून सामना बंगळुरूला बहाल झाला. छेत्रीचं म्हणणं असं, की शिट्टी नको, भिंत नको, हे त्याने रेफ्रीला आधीच सांगितलं होतं. पहिला प्रयत्न केरळच्या लूनाने अडवला तो उगाच नाही, त्याच्या कानावर पडलं होतं.

त्या आठवड्यात देशात नियम १३ चे जितके जाणकार तयार झाले, तितके फुटबॉलपटू पंचवीस वर्षांत झाले नसतील. महासंघाच्या शिस्त समितीने केरळला ४ कोटींचा दंड केला आणि जाहीर माफी मागायला सांगितलं. माफी न मागितल्यास दंड ६ कोटी. म्हणजे माफीचा बाजारभाव दोन कोटी. लिलावातल्या छेत्रीपेक्षा माफी महाग! केरळने व्यवहार पाहिला आणि माफी मागून टाकली.

त्या रात्री बंगळुरूकडून झिंगनही होता. हाही एकेकाळचा केरळचा लाडका. सहा वर्षं तो तिथे खेळला, गेला तेव्हा क्लबने त्याचा २१ नंबर कायमचा बाजूला ठेवला. पुढे बागानकडून केरळशी २-२ बरोबरी झाल्यावर ‘बायकांशी मॅच खेळून आलो’ अशा अर्थाचं तो बोलून गेला. बोलणं गलिच्छच होतं आणि त्याने माफी मागितली, ते योग्यच झालं. पण त्या दिवशी स्त्रीसन्मानाची पताका घेऊन जे निघाले, त्यांतल्या पुष्कळांना रेफ्रीची आठवण निघताच त्याच्या आई-बहिणींचीही आठवण येते. बागान, क्रोएशिया, बंगळुरू असं फिरून २०२३ मध्ये झिंगन गोव्याला आला, त्यामुळे त्याचा उतारा आता मडगावच्या दप्तरात आहे. स्वतःच्या जाळ्यातल्या गोलासकट.

आणि आमचं मंडळ २०२३ च्या त्या ३ मार्चला काय म्हणत होतं? तेव्हाची इतिवृत्तं माझ्यापाशी आहेत. “नियम म्हणजे नियम.” “चेंडूवरून नजर काढायचीच कशाला?” “छेत्रीचं डोकं बघा, मुंबईत असतानाच तसं होतं.” ठराव एकमताने मंजूर. चार दिवसांनी, ७ मार्चला, सेमीफायनलसाठी छेत्री अंधेरीला आला, उतरला आणि गोल करून १-० ने जिंकून गेला. त्या मोसमात मुंबईने पहिले अठरा सामने हार न पाहता काढले होते, ४६ गुणांनिशी साखळीची शील्ड कपाटात होती. बंगळुरूला परतीचा सामना आपण २-१ जिंकलो खरा, पण आपल्या ग्रेग स्ट्युअर्टची पेनल्टी त्यांचा गोलकीपर गुरप्रीतने सुरुवातीलाच अडवली होती. शेवटी पेनल्टी शूटआउट, ९-८, आणि आपण बाहेर. ज्याच्या गोलामुळे सामना तिथवर पोचला, त्याच मेहताबची पेनल्टी गेली. मेहताबला मंडळाने तासाभरात माफ केलं. छेत्रीची फाइल मात्र तेव्हाच उघडली गेली, ती पुन्हा बंद झालेली नाही. ३ मार्चचा ठराव ७ मार्चला रद्द झाला. इतक्या वेगाने आपल्याकडे फक्त अध्यादेश बदलतात.

मंडळातले काका या सगळ्याला फुटबॉलच मानत नाहीत. त्यांचा फुटबॉल कूपरेजवर रोव्हर्स कपात होता. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद पडली तेव्हा, काकांच्या मते, मुंबईचं फुटबॉल वारलं. नंतरचं सगळं मुंबई सिटीच्या तेव्हाच्या मँचेस्टरवाल्या मालकांच्या पैशांवर चाललेलं वर्षश्राद्ध. मात्र पाच गोल मोजले त्यांनीच, बोटांवर, आणि मोठ्याने.

आता एक जुनी गोष्ट, जिचा मंडळात कोणी उल्लेख करत नाही. १ जून २०१८, अंधेरी. भारताने चायनीज तैपेईला पाच-शून्य हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी या माणसाने कॅमेऱ्यासमोर हात जोडले: आमच्यावर टीका करा, शिव्या घाला, पण मैदानात येऊन घाला. कोहलीने दुजोरा दिला, तेंडुलकरने दिला. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना; सगळी तिकिटं संपली, भारत जिंकला, त्याचे दोन गोल. आज मुंबईत भेटणारा प्रत्येक फुटबॉलवेडा मात्र ४ तारखेला नव्हे, १ तारखेलाच मैदानात होता. आमच्या मंडळातले सगळे होते. एकमेकांना दिसले नाहीत, एवढंच. या हिशोबाने त्या दिवशीची गर्दी मैदानात मावणारच नव्हती, आणि छेत्रीने त्या रिकाम्या खुर्च्या कुठे पाहिल्या, याची स्वतंत्र चौकशी व्हायला हवी.

त्याच्या विनंतीचा पहिला अर्धा भाग देशाने मनापासून पाळला. कोचीने तर दोन्ही भाग पाळले. तिथे लोक तिकीट काढून, पिवळे कपडे घालून शिव्या द्यायला येतात. आमचं मंडळ घरूनच देतं.

पाच-शून्यच्या रात्री साडेअकराला मंडळाचा ठराव झाला: पराभवाचं कारण छेत्रीचा भूतकाळ. डावीकडून बंगळुरूचे खेळाडू आत येत होते तेव्हा आपले कुठे होते, हा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीत.

ती बैठक लांबली. ११ जुलै २०२५ ला आयोजकांनी क्लबांना कळवलं, की महासंघाशी असलेला करार डिसेंबरात संपतोय, नव्याचं ठरत नाही, तोवर नवा मोसम स्थगित. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, मालिश करणारे, सगळे अधांतरी. छेत्रीने जाहीरपणे लिहिलं, की काळजी वाटते, वाईट वाटतं, भीती वाटते. एरवी सप्टेंबरच्या सुमारास लीग सुरू व्हायची. त्या सप्टेंबरात मंडळ जमलं तेव्हा छेत्रीविरुद्ध कोणी अवाक्षर काढलं नाही. हरायला लीगच नव्हती.