लोण्याची गाय आणि गुळभेंडीचा हुरडा

मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचं डोकं वर आलं. काकू उंचीनं जेमतेम. डोकं दिसलं की समजायचं, विटांच्या ढिगावर चढल्यात आणि बातमी मोठी आहे.

"अगं, ती येयलीय!"

"कोण?"

"सूनबाईची मैत्रीण. अमेरिकेची. फेब्रुवारीत दोघी चार दिवस इथंच राहणार म्हणं. आता परभणीत तिला दाखवू काय मी?"

काकूंचा मुलगा आयोवात, डे मॉईनला नोकरीला आहे. हे एव्हाना आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे.

"समोरच्यांचा जावई काय म्हणाला माहितीय?" काकूंनी आवाज खाली घेतला. "म्हणं परभणी बघायला एक तास पुरे, त्यातला अर्धा स्टेशनवर गाडीची वाट बघण्यात जातो."

"त्यानं स्टेशन ते सासुरवाडी एवढंच बघितलंय. आणि सासुरवाडीतही पलंगावरून उठला नाही."

"तसं नाही गं. आपलेच लोक म्हणतात ना, बनी तो बनी, नही तो परभणी."

"आणि जगात जर्मनी, भारतात परभणी, हे कोण म्हणतं? तेही आपणच. बरं, तुम्ही दोन वर्षांपूर्वी तिकडं गेलात तेव्हा तुम्हाला काय दाखवलं?"

"मका," काकू म्हणाल्या. "रस्त्याच्या या बाजूला मका, त्या बाजूला मका. मग ऑगस्टात जत्रा. राज्याची सरकारी जत्रा असते मोठी. तिथं बाई, लोण्याची गाय!"

"चांदीच्या गायीसारखी, छोटी?"

"छोटी कशाची! खऱ्या गायीएवढी. आत लाकडाचा-तारांचा सांगाडा, वरून पावणेतीनशे किलो लोणी थापलेलं. 1911 पासून करतात म्हणं. थंड काचेच्या खोलीत ठेवतात आणि लोक रांगा लावून बघतात. मी विचारलं, मग हे खातं कोण? तर कोणीच नाही! तेच लोणी पुढच्या वर्षी परत वापरतात. आणि खायचं बाकी सगळं काडीला टोचून. मी काडीवरचं कणीस तेवढं खाल्लं."

मी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "काकू, म्हणजे तुम्हाला शेती दाखवली अन् जत्रा दाखवली. मग आपल्याकडं काय कमी आहे? ती येतेय कधी, तर फेब्रुवारीत. म्हणजे तुराबुल हक साहेबांचा उरूस. आकाशपाळणे, बांगड्यांची दुकानं, तो परातीएवढा पराठा अन् वर हलवा. काडी-बिडी काही नाही, हातानं तोडायचं."

"उरुसाला नेईन. पण नंतर?"

"नंतर कृषी विद्यापीठ. 1972 पासूनचं आहे. मक्याच्या गावची पोरगी ती, तिला ज्वारी दाखवा. 'परभणी मोती' ज्वारीचं नाव आहे, 'परभणी क्रांती' भेंडीचं. पानं पिवळी पडतात त्या रोगाला दाद न देणारी भेंडी म्हणून देशभर लावली गेली ती. आपण मात्र भेंडी घेताना देठ मोडून बघतो, नाव कोण विचारतंय?"

"औंढ्याला न्यावं का? ज्योतिर्लिंग आहे."

"न्या की, पण आपलं म्हणून सांगू नका. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी निघाली अन् वाटणीत नागनाथ तिकडं गेला."

"मोठी वाटणी झाली की थोरल्याला भांडी अन् धाकट्याला देव," काकू म्हणाल्या. त्यांच्या सासरच्या वाटणीचा हा विषय. तो निघाला की संध्याकाळ होते, म्हणून मी घाईनं गंगाखेडवर आले. "जनाबाईचं गाव. गोदावरीचा घाट. सकाळी लवकर न्या, पाणी अन् ऊन दोन्ही चांगलं असतं. जिंतूरजवळ नेमगिरी, तिथली पार्श्वनाथाची एवढी मोठी मूर्ती छोट्याशा दगडावर टेकलीय. चारठाण्याची जुनी देवळंही त्याच बाजूला."

"आणि पाथरी?"

"पाथरीला जपून. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून सांगाल, अन् शिर्डीवाल्यांना कळलं तर? 2020 च्या जानेवारीत निधीची घोषणा झाली तर त्यांनी गाव बंद ठेवलं होतं."

काकूंना हसू आलं, विटा हलल्या, त्यांनी भिंत धरली. "खायला काय घालू ते सांग. सूनबाई म्हणते तिखट चालत नाही."

"सकाळी सुशीला करा."

"सुशीला करते म्हटलं तर मागच्या वेळी मुंबईच्या पाव्हण्यानं विचारलं, त्या कुठं राहतात?"

मराठवाड्याबाहेर भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन त्याला बाईचं नाव देत नाहीत, हे आमच्या लक्षातच राहत नाही. बिर्याणी मात्र समजावून सांगावी लागणार नाही. निजामाचं राज्य 1948 ला गेलं, त्याची हंडी इथंच राहिली.

"पण खरं म्हणजे हुरडा," मी म्हटलं. "फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मिळतो. माझ्या दिराच्या शेतात गुळभेंडी आहे. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची, हातावर चोळून गरम गरम पुढ्यात टाकायची. लसणाची चटणी, गूळ, बोरं. हात काळे होतील तिचे, होऊ द्या. लोण्याची गाय बघणारीला खाता येणारी गंमत कळू दे."

काकू गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मला भीती वाटते.

"सगळं जमंल गं," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त एक. तुमच्याकडं ते खुर्चीवालं आहे ना?"

"आहे."

"मग झोपायला ती तुमच्याकडं. जेवायला आमच्याकडं." आणि मी तोंड उघडायच्या आत विटा सरकल्या, डोकं नाहीसं झालं. पलीकडून नुसता आवाज आला, "आणि वाटीभर सोले दे गं, आज आमटीच करते!"