शिरपूर: आधी विमान, मग रेल्वे

धुळ्याहून सुटलेली लालपरी सोनगीरची तांब्या-पितळेची दुकानं मागे टाकून नरडाण्यात थांबली. शेजारच्या टोपीवाल्या आबांनी खिडकीबाहेर हात केला. "हाई आपलं ठेसन."

म्हणजे शिरपूरचं. शिरपुरात रेल्वे नाही. गाडी धरायची तर तापी ओलांडून इथवर यायचं. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि तो शिरपूरवरून जाणार आहे.

"तोवर?"

"इमान शे ना!" तांडे गावाजवळ धावपट्टी आहे, तिथे पायलट घडतात.

"बसू देतात?"

"आमले नई. दखता येस."

शिरपुराला क्रमाचं वावडंच दिसतं. आसपास सोन्याची खाण नाही, पण सोनं शुद्ध करायचा कारखाना इथे निघाला. (लग्नाचं सोनं घ्यायला मात्र खान्देश जळगावलाच जाणार.) तापीकाठी, कापूस-केळीच्या मुलखात मुंबईच्या एनएमआयएमएसचं मुकेश पटेल टेक्नॉलॉजी पार्क उभं आहे. हायवेवरच्या ढाब्यात चार पोरं लॅपटॉप उघडून बसली होती. एक प्रोग्रॅममधली चूक शोधत होता, दुसरा शेवभाजीवरचा तवंग सारून रस्सा. "तेल कमी नाही का करता येणार?" त्याने विचारलं. ढाबेवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पोराने नापास व्हायची परवानगी मागितली.

पण आबांच्या लेखी खरं तंत्रज्ञान नाल्यात होतं. भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी इथले नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर २००४ पासून नाले रुंद आणि खोल करून त्यांवर ओळीने बंधारे बांधले. बंधाऱ्यांना गेट नाही. तापीकडच्या पट्ट्यातली पिवळी माती पाणी मुरू देत नाही, म्हणून ती खणून काढायची. मग पाणी खालच्या वाळूत उतरतं आणि विहिरींना भेटतं. हाच तो 'शिरपूर पॅटर्न'. संगणक नाही, पासवर्ड नाही. पोकलेन आणि दगडमातीचं ज्ञान. आबा हे सगळं अशा थाटात सांगत होते, की पहिली कुदळ त्यांचीच असावी.

"तुम्ही कथाईन?"

"पुण्याहून."

"तठे नाला शेतस का?"

"होते."

"मंग आते काय शे तठे?"

"सोसायट्या."