साठी, नाठी आणि बॅटरी

सिंगापूरचं बिशान म्हणजे एके काळचं चिनी कबरस्तान. ऐंशीच्या दशकात कबरी हलवून तिथे टोलेजंग वसाहत उभी राहिली. शेजारच्या बिशान-आंग मो किओ पार्कात 2017 पासून विसराळू वृद्धांसाठी खास बागही आहे. सुवासिक झाडं, व्हीलचेअर सहज फिरेल अशा वाटा. सरकारने म्हाताऱ्यांच्या नाकाची सोय केली. कानांचं बघायला आपण होतो, पण आपल्याला वेळ कुठे?

नर्सिंग होम निवडताना आपण काय विचारतो? एसी आहे ना, जेवण व्हेज मिळेल ना, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवाल ना? फोटो येतात. त्यात आईच्या कानाचं मशीन नसतं. ते ड्रॉवरमध्ये, बॅटरी संपलेली. चष्मा शेजारच्या आजींच्या नाकावर. मग व्हिडिओ कॉलवर आई 'जेवलीस का?'चं उत्तर 'पाऊस नाही' असं देते, आणि चिरंजीव निदान करून मोकळे: साठी बुद्धी नाठी!

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2017 मध्ये डिमेन्शियाशी, म्हणजे स्मृतिभ्रंशाशी जोडलेली, बदलता येण्याजोगी 9 कारणं मांडली होती. 2024 मध्ये ती 14 झाली. ती सगळी आटोक्यात आणली, तर जगातले जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज. अपुरं शिक्षण हेही त्यात आहे. ते ऐंशीव्या वर्षी कुठून भरून काढणार? पण बहिरेपण, उपचार न केलेली अधू नजर, बीपी, मधुमेह, बसून राहणं, एकटेपणा? यांवर वय झालं तरी इलाज करता येतो.

गोळ्यांची तर वेगळीच गंमत. झोपेची गोळी, सर्दीची जुनी गोळी, लघवी आवरायची गोळी. यांतल्या कित्येक म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतात. पाणी कमी पडलं, लघवीत जंतुसंसर्ग झाला, चार दिवस पोट साफ झालं नाही, तरी माणूस रातोरात भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. काल बरी असलेली आई आज असंबद्ध बोलत असेल, तर ते वय नव्हे. डॉक्टरला आजच बोलवा.

पुढच्या भेटीला पेढे नको, बॅटऱ्या न्या. आणि गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे धरून विचारा, यातली कुठली कमी करता येईल? परस्पर मात्र एकही बंद करू नका.