गिरणीतले मेस्त्री आणि हवेची होडी

१८७७ साली जुनी गिरण उभी राहिल्यापासून सोलापुरात सूत किती निघाले आणि कापड किती विणले गेले, याचा हिशेब कुठल्यातरी दप्तरात खचितच असेल. परंतु गिरण्या एकामागून एक थंडावल्यावर या शहराच्या पेठापेठांतून निवृत्त मेस्त्री नावाचा जो वर्ग विखुरला, त्याची नोंद कोणत्याही गॅझेटियरात सापडावयाची नाही. भोंगा वाजेनासा होऊन वर्षे लोटली, तरी हा गृहस्थ सकाळी सातच्या ठोक्याला पान्यांची पिशवी घेऊन कोणाच्या ना कोणाच्या दारात हजर. आणि तेथे काही बिघडलेले नसल्यास ते बिघडेपर्यंत थांबण्याची त्याची तयारी असते.

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांच्या चिरंजिवांनी उजनीच्या जलाशयावर पक्षी पाहण्याच्या निमित्ताने हवेची होडी खरीदली, तेव्हा चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या या शहरात नौकानयनाचा हा शौक काहीसा उद्धट वाटला, हे खरे. होडीचा एक कप्पा रात्रीतून निपचित पडू लागला आणि टपालाने नवी झडप आली, त्याच सकाळी मेस्त्री अवतीर्ण झाले. सोबतचे माहितीपत्रक त्यांनी उलगडलेसुद्धा नाही.

“आधी गुन्हा शाबीत, मग शिक्षा,” असे म्हणून त्यांनी नवा वॉल खिशात टाकला आणि जुन्यावर साबणाचा फेस चोपडला. बुडबुडे कडेने आले तर आट्यांचा किंवा वायसरचा दोष, मधून आले तर आतल्या पडद्याचा, हा त्यांचा कायदा. बुडबुडे मधून आले. मग मधली दांडी दाबून, फुंकर घालून, त्यांनी गाळाचा एक कण बाहेर काढला व तो उपस्थितांना तळहातावर फिरवून दाखविला. तथापि फेस पुनश्च उकळू लागताच, पडद्याला चीर गेली आहे असा निकाल देऊन त्यांनी बदलीचा हुकूम फर्माविला.

या झडपेचे दोन भाग कापडाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. बाहेरचा फिरवून काढताना आतली चकती कापडावरूनच घट्ट धरावी लागते. ती धरण्याचे काम चिरंजिवांकडे होते, आणि नेमका त्याच क्षणी त्यांचा मोबाइल वाजला. लेंग्याच्या नेफ्यात शिरलेली नाडी शोधावी, तशी ती चकती चाचपडत मेस्त्रींनी होडी अर्धा तास उलटीपालटी केली. “इंजिनखात्यात असतास तर अर्धा रोज कापला असता!” एवढीच त्यांची प्रतिक्रिया, परंतु ती चिरंजिवांना उद्देशून असली, तरी रोख वकीलसाहेबांच्या एकंदर संगोपनाकडे होता.

चकती सापडली, नवी झडप बसली, होडी रात्रभर फुगवून ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी अंगठा दाबून तिला पास केले, आणि सोलापूरच्या वैशाखात ती भर उन्हात ताठ फुगवून ठेवू नये, तापलेली हवा फुगते आणि सांध्यांवर येते, अशी सक्त ताकीदही दिली. मोबदला त्यांना मंजूर नव्हता. जुनी झडप मात्र “असू द्या, लागती कुठंतरी,” म्हणत त्यांनी ताब्यात घेतली.

कृतज्ञतेपोटी चिरंजिवांनी त्यांना उजनीला चलण्याचा आग्रह केला, तेव्हा मेस्त्री दोन पावले मागे सरले.

“हवा माझी. पाणी आपल्या खात्यात येत न्हाई.”