पाच खुर्च्या, एकच माणूस

(स्थळ : पिपरी मेघे, वर्धा. रंगमंचावर पाच रिकाम्या खुर्च्या. कलाकार मधल्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो.)

पाच खुर्च्या पाहून आयोजकांच्या पोटात गोळा आला असेल, की पाच जणांचं मानधन निघणार. घाबरू नका, पाचही खुर्च्यांवर मीच बसणार आहे. आजचा विषय आहे तो फोटो, ज्यात एकच माणूस एकाच वेळी चार-पाच ठिकाणी दिसतो. इकडे चहा देतोय, तिकडे तोच चहा पितोय, आणि मागे तोच पैसे न देता सटकतोय. पिपरी मेघेवाल्यांना याचं अप्रूप नसावं. वर्ध्याभोवती नजर फिरवा : सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे. एकच मेघे, चारदा उभे! तर माझं म्हणणं एवढंच, की फोटोच्या सगळ्या लबाड्यांत ही एकच लबाडी प्रामाणिक आहे. हसू नका, पुरावे देतो.

पहिला पुरावा आपल्या रंगभूमीचा. १९६२ साली आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ आलं. त्यात प्रभाकर पणशीकर पाच भूमिका करत. फिरता रंगमंच पुढचा देखावा आणेपर्यंत माणूस बदललेला असे. आता या नाटकातला ठग लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, एवढ्या लोकांना गंडवू शकला तो कशाच्या जोरावर? त्याची पाच सोंगं कधी एकमेकांशेजारी बसली नाहीत, या जोरावर. पाचही एका फोटोत आली असती तर त्याच्यावरचा खटला पहिल्याच अंकात संपला असता, आणि उरलेल्या नाटकात काय लिहायचं या चिंतेनं अत्रेसाहेबांची झोप उडाली असती. म्हणजे फसवायचं असेल तर सोंगं लांब लांब ठेवावी लागतात. त्यांना एका चौकटीत बसवणं हा कबुलीजबाब झाला.

त्याआधीचा पुरावा दादासाहेब फाळक्यांचा. १९१७च्या ‘लंकादहन’ या त्यांच्या चित्रपटात अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले. नवराही तेच, बायकोही तीच. घरात भांडण व्हायला वावच नाही! फाळके स्वतः ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग करत, आणि ते नाव म्हणजे फाळके उलटं करून. जादूगारसुद्धा आपलं नाव असं लपवतो की शोधणाऱ्याला सापडावं. तिकडे अमेरिकेत बस्टर कीटननं १९२१च्या ‘द प्लेहाऊस’ या चित्रपटात कहर केला. एका दृश्यात रंगमंचावर एका रांगेत नऊ कीटन! संगणक नव्हता. भिंगाचा बाकीचा भाग झाकून फिल्मच्या एका पट्टीवर एक कीटन टिपायचा, फिल्म मागे गुंडाळायची, पुढची पट्टी उघडायची, की दुसरा कीटन. कॅमेरा हातानं फिरवायचा. एल्गिन लेस्ली या कॅमेरामनचा हात नऊही वेळा एकाच वेगात चालावा लागला, नाहीतर एक कीटन नाचतोय आणि शेजारचा धावतोय असं झालं असतं.

(पहिल्या खुर्चीवर बसून, वऱ्हाडी थाटात) “काहून भाऊ, एवढा कुटाणा कायले? मोबाईलमंदी बटन दाबलं का होते ना!” (उठून) होतं की! यंत्राला सांगा, ते पाच काय, पन्नास भाऊ काढून देईल. पण त्यातला एकही भाऊ तिथं उभा नव्हता. खरा फोटो काढायचा तर कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवायचा, उजेडाचं माप आणि फोकस एकदा ठरवून कुलूपबंद करायचे, आणि दर वेळी नव्या जागी जाऊन रिकाम्या खुर्चीकडे असं बघायचं, की तिथं आपण बसलोय. नजर चार बोटं चुकली तर चहा देणारा माणूस पिणाऱ्याच्या कानाशी बोलतोय असं दिसतं. मग सावलीचं दुखणं आहेच. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. पहिले तुम्ही दहाला उभे राहिलात आणि पाचवे बाराला, तर पाच जणांच्या सावल्या दोन वेगळ्या दिशांना पळतात. यावर वर्ध्यात निसर्गानंच तोड काढून ठेवलीय. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास एक दिवस असा येतो, की भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि सावली पायाखाली. फोटोला याहून सोयीची वेळ नाही. फक्त त्या उन्हात पाच वेळा उभं राहायला पाच माणसं लागतील.

(दुसऱ्या खुर्चीवर, गंभीर चेहऱ्यानं) “पण हा बनाव नाही का? लोक फसतात.” फसतात, आणि या शंकेत दम आहे. अमेरिकेतल्या विल्यम ममलरनं १८६०च्या दशकात असेच दुहेरी छाप वापरून लोकांना त्यांच्या मेलेल्या नातलगांची भुतं फोटोत दाखवली आणि पैसे कमावले. १८६९मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर खटला भरला गेला, पण पुराव्याअभावी तो सुटला. तंत्र जवळजवळ तेच. मात्र ममलरनं फोटोत दुसराच चेहरा घुसवला आणि तो खरा आहे असं सांगितलं. आपल्या फोटोत तोच चेहरा पाच वेळा आहे. शेंबडं पोरही म्हणेल, “हे पाहा, हा तर एकच माणूस हाय!” जो बनाव पाहताक्षणी स्वतःचं नाव सांगतो, त्याला फसवणूक म्हणायची तर आजचा माझा प्रयोगही फसवणूक. मग तिकिटाचे पैसे परत मागू नका, कारण घेणारा नेमका कोणता मी होतो, हे तुम्हाला कोर्टात सिद्ध करावं लागेल.

तेव्हा मंडळी, खुशाल काढा असे फोटो. पाच वेळा बसा, कीटनसारखे नऊ वेळा उभे राहा. मतदानाला मात्र एकदाच जा. तिथं बोटाला शाई लावतात.