खुर्ची लाकडी मोडकी

वसमतमध्ये फ्रेंच येणारा मी एकटाच असेन, असा माझा दाट संशय आहे. खात्री करायला मी जात नाही. दुसरा कुणी निघाला तर पंचाईत. नातीनं पुण्यात अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं. तिचं पुस्तक हाती लागल्यापासून मी मोंढ्यात हळदीचा भावसुद्धा 'क्युर्क्युमा' म्हणून विचारतो. त्यातला 'र' घशातून खरवडून काढायचा असतो. अडत्या काळजीनं म्हणाला, "काका, घसा बसला का? हळद टाकून दूध घ्या."

विशेषणांनी मात्र मला काडीचा त्रास दिला नाही. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं. पुण्याची पोरं म्हणे इथंच अडतात. माझी हयात हापिसात डेडस्टॉक रजिस्टर लिहिण्यात गेली: खुर्ची लाकडी मोडकी, घड्याळ भिंतीवरील बंद, कपाट लोखंडी मोठे. म्हणजे मी आयुष्यभर फ्रेंच वळणाचंच लिहीत होतो आणि साहेब खाली सही ठोकत होते! एकच खोट. मोठा, लहान, चांगला, जुना अशी रोजच्या वापरातली विशेषणं फ्रेंचमध्ये रांग मोडून नामाच्या पुढं घुसतात. त्या हिशेबानं 'मोठे कपाट लोखंडी' लिहायला हवं होतं. ऑडिटवाल्यांनी कधी धरलं नाही.

काही विशेषणं तर जागा बदलली की अर्थ बदलतात. 'मा प्रोप्र शाँब्र' म्हणजे माझी स्वतःची खोली, 'मा शाँब्र प्रोप्र' म्हणजे माझी स्वच्छ खोली. आमच्या हिच्या मते माझी खोली कायम पहिल्या प्रकारात मोडते. 'ग्राँ' माणसाच्या आधी आला तर माणूस थोर, नंतर आला तर नुसता उंच. या 'ग्राँ'च्या शेवटी 'द' लिहायचा, पण वाचायचा नाही. माणूस म्हणजे 'ओम', त्याच्या सुरुवातीला 'ह' लिहायचा, तोही मुका. पण हे दोन मुके शेजारी आले की 'द'ला 'त' होऊन वाचा फुटते: ग्राँतोम!

इथं मला हसू यायला हवं होतं, आला राग. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा मी 'अभ्यास करतोय'ऐवजी 'अभ्यास करायलो' म्हटलं की खोलीभर हशा व्हायचा. "हे कुठलं मराठी?" पुढं पुढं उत्तर येत असूनही मी वर्गात हात वर करणं सोडलं. आणि तिथलीच माणसं फी भरून, वहीत लिहिलेली अक्षरं गिळायला शिकतात! फ्रेंच लोक एके काळी शब्दांची ती शेवटची अक्षरं उच्चारायचे. जिभेनं टाकली, कागदानं ठेवली. त्याला नजाकत म्हणायचं. 'करतोय' तरी काय, 'करतो आहे'च झिजलेलं. ते तिकडं झिजलं म्हणून शुद्ध, आणि आमचं 'करायलो' गावंढळ.

तेव्हा पुणेकर मंडळी, आमच्या 'करायलो'ला खुशाल हसा, फक्त आधी 'ग्राँतोम' नीट म्हणून दाखवा. घसा बसलाच तर वसमतची हळद पाठवतो. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय.